एका गृहस्थांचा हात हरवलाय

चाचा,

उद्या सकाळी चौकीत जाऊन मी एका माणसाची माफी मागायची, असं घरातल्या सगळ्यांनी ठरवलं आहे. मला कोणी विचारलेलं नाही. मुलगी फोनवर रडली. जावई म्हणाला, "बाबा, सॉरी म्हणायला काय जातं?" शेजारच्या वहिनींनी जिन्यात गाठून सांगितलं की या वयात नसतं लचांड मागे लावून घेऊ नका. मी सगळ्यांना हो हो म्हटलं. मला हो म्हणायची सवय आहे, तुम्हाला ठाऊक आहे. मी माफी मागितली की तो माणूस माझ्याविरुद्धची तक्रार मागे घेणार, आणि बदल्यात एका मुलीने त्याच्याविरुद्धची तिची तक्रार मागे घ्यायची, असा तोडगा निघाला आहे. आज रविवार. जेवण झालं, गॅसचं बटण दोनदा बघून आलो, दाराची कडी बघितली, बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवेना म्हणून पाकिटातल्या रिकाम्या जागा चाचपून पाहिल्या, आणि पुन्हा गॅसपाशी गेलो तेव्हा एकदम लक्षात आलं की मला माफी मागायचीच नाही. हे ज्याला सांगावं असं वाटतं तो माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्हाला पोचवायला आलेल्यांपैकी बहुतेक मीच उरलो असेन. तरी तुम्हालाच सांगतो. सल्ला मागत नाही. सांगतो आहे.

मी एका माणसाला मारलं, चाचा. सुरणाने. हसू नका.

तुमच्या पद्धतीत हात नव्हता, हे मला पाठ आहे. आपली ती मंडईवरून मनपाकडे जाणारी गाडी, तुम्ही चाकावर आणि मी मागे तिकिटांची पत्र्याची पेटी घेऊन. मी नवा होतो, सातवी पास, हिशेबात कच्चा, गर्दीला घाबरणारा. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणायला लागलात. कंडक्टरला सगळेच मास्तर म्हणतात, पण तुमच्या तोंडी त्यात थोडी थट्टा असायची आणि थोडी माया. घंटीच्या दोरीने माझी बोटं सोलवटली होती, तेव्हा तुम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणलात आणि मी जिथे धरायचो तिथे दोरीला गुंडाळून वर सुतळीने घट्ट बांधून दिलात. मला नोकरीत तेवढी एकच भेट मिळाली. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ केव्हाच बंद पडलं, पण तो रबराचा मऊपणा अजून तळहाताला आठवतो. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हे सगळ्या गाड्यांना होतं. तीन घंट्या मात्र फक्त आपल्या दोघांत होत्या. मागे कोणी एखाद्या बाईला त्रास देतो आहे असं दिसलं की मी तीनदा दोरी ओढायची. पुढचं तुम्ही बघायचात.

तुम्ही काय करायचात ते आज कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. तुम्ही गाडी बाजूला घ्यायचात, नाही तर सरळ लक्ष्मी रोडच्या मधोमध उभी करायचात, इंजिन बंद करायचात आणि स्वस्थ बसायचात. मागे बघायचा नाहीत. आरशातसुद्धा नाही. मी दोरी सोडून पेटी छातीशी धरून उभा. पाठीमागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागतात. ऑफिसला उशीर झालेली माणसं चुळबुळतात आणि कोणीतरी ओरडतंच, "अहो ड्रायव्हर, गाडीला झोप लागली का?" मग तुम्ही बातम्या सांगणाऱ्याच्या आवाजात म्हणता, "गाडी जागी आहे. मागे एका गृहस्थांचा हात हरवलाय. त्यांना सापडला, की निघू." बस. ज्याला त्याला आपापले हात कुठे आहेत ते बघावंसं वाटतं. कोणी वरची दांडी दोन्ही हातांनी धरतो, कोणी खिशातून हात काढतो. आणि एक जण, लाल झालेला, "मला इथेच उतरायचं होतं" असं काही तरी पुटपुटत खाली उतरतो. मंडईतून चढलेली एक बाई मांडीवरची मेथी सावरत म्हणाली होती, "सापडला वाटतं एकदाचा. चला आता, माझी भाजी सुकली." सगळी गाडी हसली होती. मी दोन घंट्या दिल्या आणि गाडी निघाली. कोणती बाई, कोणती मुलगी, हे कोणी विचारलं नाही. जिला त्रास झाला तीही हसणाऱ्यांत मिसळून हसली, म्हणून ती कोण ते मला सोडून कोणाला कळलं नाही.

ही पद्धत मला फार आवडायची. मी घरी जाऊन बायकोला नक्कल करून दाखवायचो. पण चाचा, एक माणूस तिला पुरून उरला. इस्त्रीचा शर्ट, चामड्याची बॅग, कपाळाला गंध. आणि ती मुलगी, नर्सिंग शिकणारी, पांढरी साडी नेसून रोज त्याच थांब्यावर चढणारी. पहिल्यांदा तुम्ही गाडी बंद केलीत तेव्हा तो उतरला. त्याच आठवड्यात पुन्हा चढला. दुसऱ्यांदा तुमचं वाक्य झालं आणि त्याने दोन्ही हात वर करून हसत सगळ्यांना दाखवले. "माझे दोन्ही आहेत बुवा, मोजून घ्या!" माणसं हसली. त्याच्याबरोबर हसली. त्याला तुमच्या बोलण्याची मजा वाटायला लागली होती. त्यानंतर मी तीन घंट्या दिल्या की तो माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचा. मुलगी खाली बघायची. एका सकाळी मी तीन घंट्या दिल्याच नाहीत. पेटी उचलली आणि त्याच्या तोंडावर घातली.

पुढचं तुम्ही पाहिलंत. कोणीतरी विचारलं काय झालं, कोणीतरी सांगितलं छेड काढत होता, आणि सगळी गाडी त्याच्यावर तुटून पडली. जे कालपर्यंत त्याच्याबरोबर हसत होते तेच पुढे होते. त्याला खाली ओढून मारत होते. रस्त्यावरचेही आले. तुम्ही गर्दीत घुसून त्याच्या अंगावर आडवे झालात म्हणून तो वाचला, आणि तुमच्या पाठीवर लाथा बसल्या. मग चौकी. मुलीचं नाव, पत्ता, बापाचा धंदा, सगळं विचारलं गेलं. बाप आला. तिला नुसतं "चल" म्हणाला. त्यानंतर ती त्या थांब्यावर दिसली नाही. माझी खात्याकडून चौकशी झाली, तुम्ही साहेबांपुढे माझी बाजू मांडून मला वाचवलंत, आणि त्याच दिवशी घोरपडे पेठेत तुमच्या घरी नेऊन मला झोडपलंत. तोंडाने.

तुमचं ते स्वयंपाकघर मला दिसतं आहे. चाची ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या, मला पाटावर बसवलं होतं, आणि तुम्ही खाली मांडी घालून लसूण सोलत होतात. तुम्ही कधी ओरडायचा नाहीत, तेव्हाही ओरडला नाहीत.

"मास्तर, कोणासाठी मारलंस?"

"तिच्यासाठी."

"तिने सांगितलं होतं?"

"चाचा, अशा वेळी कोणी सांगतं का?"

"मग तुला कसं कळलं तिला काय हवंय? तुझ्या अंगात आलं होतं, तू मारलंस. तिचं नाव कशाला लावतोस?"

चाची मध्ये म्हणाल्या, "अहो, जेवू द्या की त्याला आधी." तुम्ही म्हणालात, "जेवेल. ती जेवली असेल का आज, ते त्याला विचार." मग लसणाची पुढची कुडी फोडलीत. आणि तुम्ही मान वर न करता सांगितलंत की लहानपणी तुम्ही असाच एक ढीग पाहिला होता, माणसांवर माणसं. त्या ढिगाखाली तुमचा सख्खा भाऊ होता. त्याने काही केलं नव्हतं. कोणीतरी बोट दाखवलं होतं, एवढंच. "पहिला हात उचलणाऱ्याला वाटतं आपण शूर. पुढचे हात कोणाचे, ते त्याला माहीत नसतं. आणि मास्तर, तुझा हात आणि माझा हात सारखा नाही. तू मारलंस तर कंडक्टरने मारलं. मी मारलं असतं तर उद्या काय झालं असतं, कळतंय ना?" मला कळलं नव्हतं. पुढे शहरात एक दोन वेळा वातावरण बिघडलं आणि तुम्ही दुसऱ्या रस्त्याने डेपोला यायला लागलात, तेव्हा कळलं. त्या दिवशी मात्र मी मान खाली घालून जेवलो, आणि नंतर नोकरी संपेपर्यंत कोणावर हात उचलला नाही. पेटी दुसऱ्या हातात धरायला लागलो.

आता माझं ऐका. तेव्हा बोललो नाही, आज बोलतो. त्या मुलीचं शिक्षण माझ्या पेटीने थांबलं, असं तुम्ही मला मरेपर्यंत वाटू दिलंत. मी ते मान्य करत नाही. तिला घरी बसवलं तिच्या बापाने. त्याच्या आधी तिला मान खाली घालायला लावली त्या गंधवाल्याने. आणि त्याच्याबरोबर हसली ती सगळी गाडी. एवढ्या जणांचा वाटा सोडून तुम्ही सगळं माझ्या पदरात का घातलंत? मी जवळ बसलो होतो म्हणून? तुमची पद्धत चांगली होती, पण ज्याला लाज आहे त्याच्याच उपयोगाची होती. निर्लज्ज माणसाला तुम्ही फक्त एक करमणूक दिलीत. हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. तुमच्या भावाची गोष्ट ऐकल्यावर कोणाची जीभ उचलणार? पण तुमच्या भावाने काही केलं नव्हतं, चाचा. या माणसाने केलं होतं, आणि मी रोज बघत होतो.

असो. सुरणाची गोष्ट. माझी मुलगी खराडीला राहते. तिथे भाजी मिळत नाही असं नाही, पण तिला मंडईची भाजी लागते असं मी ठरवलं आहे, कारण तिच्याकडे जायला मला काही तरी निमित्त लागतं. गुरुवारी सकाळी मंडईतून मेथी, गवार आणि एक अख्खा सुरण घेतला, तिला सुरणाचे काप आवडतात म्हणून, आणि खराडीच्या गाडीत बसलो. आताच्या गाड्या तुम्हाला ओळखू येणार नाहीत. बॅटरीवर चालतात, इंजिनाचा आवाज नाही, दारं आपोआप मिटतात. ड्रायव्हर काचेच्या आड. दोरी नाही. कंडक्टर यंत्रातून तिकीट काढून जागेवर जाऊन बसतो. गाडीत ऑफिसची पोरं पोरी ठासून भरलेली आणि प्रत्येक जण फोनमध्ये. माझ्या पुढे एक मुलगी उभी होती, पाठीवर बॅग, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. तिच्या मागे एक माणूस. गाडीला धक्का बसला की तो तिच्यावर रेलायचा, आणि धक्का नसला तरी रेलायचा. ती पुढे सरकली, तो सरकला. ती दांडीच्या पलीकडे गेली, तो तिकडे. त्याचा हात कुठे होता ते मी लिहीत नाही. तुम्ही समजून घ्याल. मी इकडेतिकडे पाहिलं. एकानेही मान वर केली नाही.

मी तुमचं वाक्य म्हटलं, चाचा. मोठ्याने, जमेल तितक्या तुमच्या आवाजात. "एका गृहस्थांचा हात हरवलाय वाटतं." कोणी हसलं नाही. समोरच्या पोराने कानातलं एक बोंड काढून विचारलं, "काय काका?" आणि परत घातलं. कंडक्टर तिकडून ओरडला, "आजोबा, काय हरवलंय? खाली बघा, सीटखाली असेल." आणि त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. त्याला बरोबर कळलं होतं. तो हसला. अगदी तसाच, चाचा. गंध नव्हतं एवढंच. मी उठलो आणि पिशवी फिरवली. सुरण त्याच्या भुवईवर बसला.

तुम्ही म्हणाल, आणि मग ढीग. नाही. कोणीही उठलं नाही. एकाही माणसाने त्याला हात लावला नाही, मलाही लावला नाही. सगळ्यांचे फोन वर आले, तेवढंच. मी मेथी आणि गवारीच्या शेंगांमध्ये उभा आणि तो भुवई धरून ओरडत होता, "पागल हो गया है क्या बुड्ढा!" तुम्हाला जिची भीती वाटायची ती गर्दी आता उरलेली नाही, या गाडीत तरी नाही. माझा एकट्याचा हात होता. त्याचा हिशेब द्यायला मी तयार आहे.

चौकीतले साहेब तरुण होते, वागायला बरे होते. लिहिता लिहिता थांबले. "हत्यार काय लिहू?" मी म्हटलं, "सुरण." "म्हणजे?" "सुरण, साहेब. कंद असतो. काप करतात." बाजूच्या महिला हवालदार म्हणाल्या, "साहेब, तो ज्याने खाज सुटते तो." आणि मग माझ्याकडे न बघता हळूच, "याला आधीच सुटली होती." मला बरं वाटलं. त्या माणसाच्या भुवईला टाके पडले होते, त्याचा एक वकील काका आला होता. मला वाटलं होतं बसमधली ती मुलगी निघून गेली असेल. तीही आली होती. बाहेरच्या बाकावर ती माझ्या शेजारी येऊन बसली, मला पाण्याची बाटली दिली, आणि म्हणाली, "आजोबा, प्लीज रागवू नका, पण तुम्ही सगळा घोळ केलात."

मी म्हटलं, "मी?"

"मी रेकॉर्ड करत होते त्याला. फोन खाली धरून. तो परवापण होता याच बसमध्ये, मला पुरावा हवा होता. त्याचा हात नीट फ्रेममध्ये येणार, तेवढ्यात तुमची पिशवी आली. आता व्हिडिओत काय आहे माहितेय? थोडंसं त्याचं, आणि मग तुम्ही. तुम्ही एकदम क्लिअर आहात."

"पोरी, तू खाली मान घालून उभी होतीस. मला वाटलं…"

"मान खाली होती कारण फोन खाली होता."

ती पुढे म्हणाली, "एकदा विचारायचं तरी. मी तुमच्याकडे बघितलं होतं, नका म्हणून." मी म्हटलं, मला वाटलं मदत कर म्हणून बघतेस. यावर ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही एकदम. आतमध्ये तोडगा शिजत होता. तिचा अजून नुसता अर्ज होता, गुन्हा दाखल व्हायचा होता. वकील काका म्हणाला, पोरगा चुकला असेल तर समज देऊ, पण आमच्याकडे टाके आहेत आणि व्हिडिओ आहे. तिने अर्ज मागे घ्यावा, म्हातारबाबांनी माफी मागावी, आम्हीही सोडून देतो. सोमवारी सगळ्यांनी या. आणि ती तयार झाली. मला वाचवायला. काल तिने फोन केला, "आजोबा, टेन्शन घेऊ नका, मी मागे घेते. तुमच्या वयात कोर्ट नको."

म्हणजे बघा. माझा सुरण त्याच्या भुवईवर बसला आणि त्याच्याच हातात गेला. आता तो त्याच सुरणाने तिचं तोंड बंद करतो आहे. तुम्ही लसूण सोलता सोलता हेच म्हणाला असतात. "मास्तर, कोणासाठी मारलंस?" दोन दिवस मला तुमचाच आवाज ऐकू येतो आहे, आणि त्याचाच मला राग आला आहे. जावई म्हणतो, "बाबा, तुम्हाला शिव्हलरी करायला सांगितली कोणी?" मी त्या शब्दाचा अर्थ विचारला, तर म्हणाला, स्त्रीदाक्षिण्य. मला दाक्षिण्य वगैरे कळत नाही. बाई असो, पोरगा असो, समोर कोणाचा तरी जीव कोंडतो आहे आणि कोंडणारा हसतो आहे, तर बसून राहायचं नाही, एवढंच मला कळतं. हात उचलण्याआधी दहा गोष्टी करून बघाव्या, हे तुमचं बरोबर. पण दहाही संपल्यावर काय, ते तुम्ही मला शिकवलं नाहीत.

उद्याचं उद्या. गॅस बघून येतो.

सोमवार, दुपार. जाऊन आलो. माझी मुलगी सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. चौकीत सगळे आधीच आले होते. साहेबांनी दोन कागद काढून ठेवले होते, एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी. त्या माणसाच्या भुवईला पट्टी होती. तो उठून उभा राहिला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "जाऊ द्या आजोबा, तुमच्या वयाचा मान म्हणून मी सोडतोय." चाचा, तो गंधवाला इथे असता तर असाच बोलला असता. बसमधल्या मुलीने सहीसाठी पेन उचललं. मी म्हटलं, "थांब पोरी. आधी मला सांग, तुला काय हवंय?"

ती म्हणाली, "आजोबा, आपलं ठरलंय ना."

"आपलं नाही, यांचं ठरलंय. तुला काय हवंय?"

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला तक्रार करायची आहे. पण तुमचं…"

"माझं मी बघतो," मी म्हटलं, आणि साहेबांकडे वळलो. "साहेब, मी मारलं. शुद्धीत होतो. सुरण माझा होता, हात माझा होता. माफी मागत नाही. लिहून घ्या आणि हिचंही लिहून घ्या, वेगवेगळं. माझ्या मारण्याचा आणि हिच्या तक्रारीचा एकमेकांशी संबंध लावू नका."

वकील काका हसला. "बाबा, कळतंय का काय बोलताय? कोर्टाच्या फेऱ्या मारायला लागतील."

"बसने येईन," मी म्हटलं. "ज्येष्ठांचा पास आहे."

महिला हवालदार खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेल्या. साहेबांनी दोन्ही कागद उचलून खणात टाकले आणि मुलीला म्हणाले, "बसा मॅडम. सुरुवातीपासून सांगा." ती बसली. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, एकेक गोष्ट न अडखळता. मी कडेला उभा राहून ऐकत होतो. बोलता बोलता तिने त्या माणसाकडे पाहिलं आणि तो खाली बघायला लागला. चाचा, त्या दुसऱ्या मुलीचं नाव चौकीत लिहिलं गेलं तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं. हिला मी विचारलं. एवढा तुमचा मान ठेवला. पण मारलं त्याचा मला पश्चात्ताप नाही, आणि पुन्हा तसंच घडलं तर पुन्हा उठेन. विचारून उठेन, पण उठेन.

माझ्यावर आता केस होईल. माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही. जावयाने एका वकिलाचा नंबर पाठवला आहे. रात्री झोप लागेल असं वाटत नाही, मला साधं लाइटबिल भरलं की नाही यावरूनही झोप लागत नाही. हा कागद कोणाच्या हाती लागायला नको, म्हणून फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवून ठेवणार आहे.

एक गोष्ट मात्र मी साहेबांना सांगितली नाही, त्या पोरीलाही नाही. साहेबांनी विचारलं होतं, तुम्ही बोललात, तो हसला, मग लगेच मारलंत का? मी हो म्हटलं. लगेच नाही. तो हसला तेव्हा मी पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताच्या बोटांनी शेजारच्या स्टीलच्या दांडीवर ठोके दिले. तीन. आणि पुढे ड्रायव्हरच्या काचेकडे बघत उभा राहिलो. गाडी थांबली नाही.